याईर वाट पाहत असताना



आजचा शास्त्रभाग: मार्क ५:२१-४३ आणि इफिसकरांस पत्र ५:१५-१७. आधी दोन्ही भाग वाचून घ्या, मग पुढे या. पाच-सात मिनिटांचं वाचन आहे.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघात इफिसकरांसमधल्या याच वचनांवर चर्चा होती. वेळ शहाणपणाने वापरा, कारण दिवस वाईट आहेत, असं पौल तिथे सांगतो. चर्चा छान सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला स्क्रीन टाइमवर घसरली. कोणाचे रोज चार तास रील्समध्ये जातात, कोणी कोणतं अ‍ॅप काढून टाकलं, पहाटे पाचला उठल्याने काय फरक पडतो, असं सगळं. एका मुलीने तर मोबाइलवर हिशेबच केला: सत्तर वर्षं म्हणजे साधारण साडेपंचवीस हजार दिवस. त्यातली झोप वजा, ऑफिस वजा, हिंजवडीचं ट्रॅफिक वजा. उरलेला आकडा तिने वाचून दाखवला तेव्हा खोलीत जरा शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण प्रॉडक्टिव्ह व्हायला हवं," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

चर्चा वाईट नव्हती. मीही त्या दिवशी एक अ‍ॅप काढलं. पण घरी येताना मला सारखं वाटत होतं की बायबल बाजूला ठेवून हीच चर्चा माझ्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये जशीच्या तशी झाली असती. तिथेही पहाटे पाच, तिथेही प्रायॉरिटी, तिथेही "तुमच्याकडे दिवसाचे चोवीस तासच आहेत". मग ख्रिस्ताने यात नेमकं काय वेगळं सांगितलं?

दिवस मोजणं शास्त्रात आहे, हे खरं. स्तोत्र ९० ही मोशेची प्रार्थना मानली जाते. आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशीचं, हा हिशेब तिथलाच. पण मोशे देवाकडे दिवस मोजायला शिकव असं मागतो ते मनाला शहाणपण यावं म्हणून. जास्त कामं उरकावीत म्हणून नाही. नुसतं मोजायचं तर लूक १२ मधला तो श्रीमंत शेतकरीही मोजतच होता. पीक भरपूर, कोठारं लहान, मोठी बांधू, मग पुष्कळ वर्षं आरामात. त्याचं नियोजन चोख होतं. देवाने त्याला मूर्ख म्हटलं ते आळसासाठी नक्कीच नव्हे. त्याचा सगळा हिशेब 'मी' आणि 'माझं' यांच्यातच फिरतो, दुसरं माणूस त्यात येतच नाही.

आता पौलाकडे. दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

एक म्हणजे हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो स्वतःला बंदिवान म्हणवतो आणि सहाव्यात बेड्यांचा उल्लेख करतो. म्हणजे वेळेबद्दलचा हा सल्ला देणाऱ्या माणसाच्या हातात स्वतःचं कॅलेंडर नव्हतं. कुठे जायचं, कधी जायचं, कोणाला भेटायचं, हे दुसरेच ठरवत होते. वेळेचं नियोजन या अर्थाने पौलाकडे नियोजन करण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. तरीही तो हे लिहितो.

दुसरी गोष्ट त्या क्रियापदाची. कैरोस आणि क्रोनोस या दोन शब्दांवरचं प्रवचन आपण सगळ्यांनी निदान तीनदा ऐकलेलं आहे, त्यामुळे तिथे थांबत नाही. क्रियापद मात्र पाहण्यासारखं आहे. मूळ ग्रीकमध्ये 'एक्सागोराझो' आहे. त्यात 'अगोरा', म्हणजे बाजार, दडलेला आहे. बाजारातून किंमत मोजून सोडवून आणणं, असा त्याचा अर्थ. नव्या करारात हे क्रियापद चार वेळा येतं. गलतीकरांस पत्रात दोनदा (३:१३ आणि ४:५), आणि तिथे ते ख्रिस्ताबद्दल आहे: त्याने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून, नियमशास्त्राच्या ताब्यातून सोडवून घेतलं. उरलेल्या दोन जागा वेळेबद्दलच्या आहेत. एक आपली आजची, दुसरी कलस्सैकरांस ४:५. आणि तिथे संदर्भ आहे मंडळीबाहेरच्या लोकांशी कसं वागावं याचा.

ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केलं त्यासाठी वापरलेला शब्द पौल आपल्या मंगळवार-बुधवारांसाठी वापरतो. हे लक्षात आल्यावर 'वेळ वाचवणे' हा शब्दप्रयोग मला या वचनाजवळ नेता येईना. सोडवून घेण्यात काही वाचत नाही. उलट काहीतरी द्यावं लागतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते मार्कच्या पाचव्या अध्यायात आहे.

याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. तो येशूच्या पायांशी पडून गयावया करतो आणि येशू लगेच निघतो. गर्दी अंगावर येते आहे. त्या गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली एक बाई आहे. वैद्यांवर होतं नव्हतं ते खर्च झालं आणि दुखणं वाढतच गेलं. ती मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते. आणि येशू थांबतो.

माझा पेशा असा आहे की ही गोष्ट मला ऑन-कॉलवर बसल्यासारखीच वाचता येते. रात्री काही बंद पडलं की आमचा पहिला प्रश्न एकच: हे आत्ता बघायचं की सकाळी? पी-वन म्हणजे सगळं सोडून धावायचं. जुनाट दुखणं, ज्याने बारा वर्षं काढली ते, चार तास थांबू शकतं. या हिशेबाने याईरची मुलगी पी-वन आहे आणि ती बाई पुढच्या आठवड्यातलं टिकेट. कुठल्याही इस्पितळातला कॅज्युअल्टीचा डॉक्टर हेच सांगेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

पण खरी अडचण याच्याही पुढे आहे, आणि ती माझ्या बरीच उशिरा लक्षात आली. एकोणतिसाव्या वचनात ती बाई बरी झालेली आहे. हात लावल्याक्षणीच. येशू थांबतो तो त्याच्यानंतर. म्हणजे तो तिला बरं करायला थांबलेला नाही, काम झालेलं आहे. टिकेट बंद. आता एकेक मिनिट त्या मुलीच्या श्वासांतून वजा होतंय आणि येशू गर्दीत उभा राहून विचारतो की मला कोणी शिवलं. शिष्य वैतागतात. चहूकडून लोक ढकलतायत आणि तुम्ही विचारता कोणी शिवलं! त्यांचं मला पटतं. मी त्यांच्यात असतो तर घड्याळ दाखवलं असतं.

मग तो कशासाठी थांबला? ती बाई थरथर कापत पुढे येते आणि त्याला सगळी हकीकत सांगते. सगळी, असं मार्क मुद्दाम लिहितो. बारा वर्षांची हकीकत सांगायला किती वेळ लागत असेल? लेवीय १५ प्रमाणे ती इतकी वर्षं अशुद्ध होती. तिने कोणाला शिवायचं नाही, तिला कोणी शिवायचं नाही, ती बसली ती जागासुद्धा विटाळलेली. शरीर बरं होऊन ती गुपचूप निघून गेली असती तरी गावाच्या लेखी काही बदललं नसतं. येशू भर रस्त्यात तिचं ऐकून घेतो आणि सगळ्यांदेखत तिला 'मुली' म्हणून हाक मारतो. एका बापाच्या मुलीसाठी निघालेला, वाटेत आणखी एका मुलीला ओळख देतो.

कुठल्याही डॅशबोर्डवर या वेळेचं मोजमाप शून्य येईल. रोगी आधीच बरा. नवीन चमत्कार नाही. फक्त एका माणसाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतलं. माझ्या समजुतीप्रमाणे पौलाचं 'सोडवून घेणं' याच जागेवर उभं आहे. वाईट दिवसांच्या हातून एक दुपार सोडवली गेली.

इथे थांबलो तर प्रवचन गोड होईल. पण याईरचं काय?

आपण हा भाग नेहमी येशूच्या किंवा त्या बाईच्या बाजूने वाचतो. एकदा याईरच्या जागी उभं राहून वाचा. तुमची मुलगी घरी मरतेय. मदत मिळाली, निघाली, आणि वाटेत दुसऱ्या कोणासाठी थांबली. सुरुवातीच्या विनंतीनंतर मार्क याईरच्या तोंडी एकही वाक्य घालत नाही. तो चिडला का, रडला का, त्याने येशूची बाही ओढली का, काही नाही. तो फक्त तिथे आहे. आणि ते बोलणं चालू असतानाच घरून निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता.

त्या बाईला मिळालेल्या वेळेची किंमत त्या क्षणी याईर मोजत होता. वेळ सोडवून घ्यायला किंमत पडते हे आपण म्हणतो, पण ती नेहमी आपल्याच खिशातून जाते असं नाही. मंडळीच्या कामात सगळ्या संध्याकाळी देणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन विचारा, पुष्कळदा किंमत कोण मोजतंय ते कळेल. म्हणून "समोर आला त्याला वेळ द्या" हा सरसकट नियम मला मान्य नाही. येशूनेही तो पाळलेला नाही. मार्क १ मध्ये तो पहाटे अंधारात एकांती प्रार्थनेला गेलेला असतो. शिमोन आणि सोबती शोधत येऊन सांगतात की सगळे तुम्हाला शोधतायत. तो परत कफर्णहूमला जाऊन रांग संपवत नाही, पुढच्या गावांना चला म्हणतो. त्या सकाळी कफर्णहूमच्या दारांत रोगी असतीलच. एका ठिकाणी थांबला, एका ठिकाणी निघून गेला. दोन्हीकडे गरज खरी होती.

मग फरक कशाने ठरला? पौलाचं पुढचंच वचन, सतरावं, आपण बहुतेक वेळा वाचायचं सोडून देतो. तिथे तो सांगतो की मूर्खपणा न करता प्रभूची इच्छा काय ते समजून घ्या. म्हणजे हिशेब संपतो तिथे विचारणं सुरू होतं. इंजिनिअर म्हणून मला हे आवडत नाही, हे कबूल करतो. मला एखादा फॉर्म्युला हवा असतो, गरज गुणिले निकड भागिले वेळ, असा. पहाटेच्या अंधारातली प्रार्थना येशूसाठी दिवसाची तयारी नव्हती, दिवस कुठे जाणार हेच तिथे ठरत होतं.

आता हे सगळं मी आज का लिहितोय ते सांगतो.

नियमित वाचणाऱ्यांना माहीत आहे की गेल्या वर्षापासून पप्पांचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. प्रत्येक वेळी मशीनवर चार तास, शिवाय आधी-नंतरचा वेळ. मंगळवार-गुरुवार माझ्याकडे, शनिवार धाकट्या भावाकडे. सोबत बसणाऱ्याला तिथे करायला काहीही नसतं. नर्स सगळं बघतात. पप्पा थंडीने कुडकुडतात, दोन पांघरुणं घेतात, झोपतात. चार तासांत आमचं बोलणं वीस मिनिटांचं होत असेल, त्यातही अर्धं क्रिकेटचं. मी लॅपटॉप नेतो आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळे बोलणं सडेतोड. एकदा म्हणाले, "तू इथं बसून काय रक्त फिरवणार आहेस? मशीन फिरवतंय की. जा ऑफिसला."

शेजारच्या बेडवर माझ्याच वयाचा एक मुलगा असतो. रिक्षाने एकटा येतो, एकटा जातो. एका गुरुवारी शेवटच्या तासात त्याचं बीपी खाली आलं. सिस्टर येऊन बघून गेल्या, ठीक झालं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, मशीन सुटेपर्यंत माझ्याशी जरा बोलत बसता का? शेवटी शेवटी भीती वाटते." तेव्हा माझी एक मीटिंग सुरू होती. मी मेसेज टाकून बाहेर पडलो. आम्ही कांद्याच्या भावाबद्दल बोललो, त्याच्या गावाबद्दल, सुटलेल्या नोकरीबद्दल. मी त्याला पत्रिका दिली नाही, साक्ष दिली नाही, प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. तो घाबरला होता आणि त्याला आवाज हवा होता. कलस्सैकरांस ४:५ मध्ये पौलाला बाहेरच्या लोकांबरोबरचा कोणता वेळ अभिप्रेत होता, ते त्या पाऊण तासात मला थोडंफार उमगलं.

तर आता प्रश्न असा की कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला जाण्याबद्दल विचारलं आहे. उत्तर महिनाअखेरीला द्यायचं आहे. पैसे चांगले आहेत, आणि आमच्या घरात ते गौण नाहीत. डायलिसिस, औषधं, इंजेक्शनं, पुढेमागे ट्रान्सप्लांटचा विषय, हे सगळं पगारावरच चालतं. पप्पा म्हणतात जा. आई काही म्हणत नाही. भाऊ म्हणतो, "तू जा दादा, तिन्ही दिवस मी बघतो." त्याची नोकरी शिफ्टची आहे.

"अशा वेळी आईवडिलांजवळ राहणं हीच सेवा" असं सांगणारे मला भेटले आणि "देव दार उघडतोय, विश्वासाने चाल" असं सांगणारेही भेटले. दोघांनीही वचनं दिली. मार्क ५ वाचताना मी स्वतःला त्यात शोधतो आणि गोंधळतो. ज्याच्या हातात वेळ आहे तो मी, असं धरलं तर पप्पा ती बाई आहेत की ती मुलगी? त्यांचं दुखणं जुनाट आहे, मशीनवर ठीक चाललंय, मग जर्मनीचा पैसा ही निकड. की हे चार-चार तास, ज्यांत मी काहीच करत नाही, तेच पुन्हा मिळणार नाहीत? आणि मी कुठलाही रस्ता घेतला तरी याईर मला स्पष्ट दिसतो. तो माझा भाऊ आहे. गर्दीत गप्प उभा.

याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय काढला तर तिथे अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, पैसा मिळवू असं ठरवणारे लोक भेटले. आयुष्य धुक्यासारखं आहे, प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू, असं म्हणा, असं याकोब त्यांना सांगतो. जाऊ नका असं तो म्हणत नाही, हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतली.

एका गोष्टीने मात्र मला अलीकडे थोडा धीर मिळतो. मोशेने दिवस मोजले खरे, पण वचनदत्त देश त्याने नबो डोंगरावरून नुसता पाहिला. पलीकडे यहोशवा गेला. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभूकडे गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरंच होतं, सुरुवातीचे काही अध्याय झालेले. पुढचे बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईंनी. 'स्मृतिचित्रे' वाचली असतील तर टिळकांचा स्वभाव माहीत असेलच. वाटेत भेटेल त्याच्यासाठी थांबणारा, घरात असेल ते देऊन टाकणारा माणूस. आणि त्या थांबण्याची किंमत घरी कोण मोजत होतं, तेही त्याच पुस्तकात पानोपानी आहे. त्यांनी लोकांसाठी कमी वेळ दिला असता तर महाकाव्य पुरं झालं असतं का? असेलही. माझ्या साडेपंचवीस हजार दिवसांत सगळं बसलंच पाहिजे, हा हट्ट मात्र मोशे आणि टिळक या दोघांकडे पाहून थोडा सैल होतो. स्तोत्र ९० च्या शेवटी मोशे हेच मागतो, आमच्या हातांचं काम तूच स्थिर कर. ते काम संपवून घे, असं तो मागत नाही.

याईरची गोष्ट तिथे संपली नव्हती, हे तुम्ही वाचलंच असेल. निरोप ऐकून येशू त्याला म्हणतो की भिऊ नको. मग घर, रडारड, हसणारे लोक, आणि त्या मुलीचा हात धरून उठवणं. शेवटी तो सांगतो की तिला काहीतरी खायला द्या. इतक्या घाईच्या दिवसातही ती भुकेली असेल हे त्याच्या लक्षात राहिलं.

मित्रांनो, महिनाअखेरीपर्यंत आमच्यासाठी प्रार्थना करा. मी जावं किंवा राहावं अशी नको, सतराव्या वचनाप्रमाणे मला समजावं अशी करा. भावाचं नाव आधी घ्या. शेजारच्या बेडवरच्या मित्राचीही आठवण ठेवा, त्याची पाळी सकाळी साडेसहाची असते, आमच्याबरोबरच. तुमच्या घरी कोणी असंच वाट पाहत असेल तर मला लिहा, गुरुवारी तिथे बसल्या बसल्या मी त्यांची नावं घेईन.

उद्याचा शास्त्रभाग: मार्क ६:१-१३.